रिकाम्या पोटाचा तास

आजार माझ्या बायकोचा, लिहितोय मी. हे पहिलं वाक्य मंगलला वाचून दाखवलं तेव्हा ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "व्वा! पोट फाडलं माझं, गोळ्या गिळल्या मी, आणि लेखक तुम्ही."

मी म्हटलं, "आजारपण तू नीट केलंस. चुका मी केल्या. आणि लोकांना उपयोग चुकांचाच होतो."

"मग वही मोठी घ्या," ती म्हणाली.

तर वही मोठी घेतली आहे. मी जनार्दन. भाईंदर पश्चिमेला राई गावात राहतो. आजोबांची मिठागरं होती, ते उन्हावर जगले. मी फ्रिज आणि एसी दुरुस्त करतो, म्हणजे थंडाव्यावर जगतो. इंद्रलोकच्या बिल्डिंगींपासून काशिमिऱ्यापर्यंत किती घरांतले फ्रिज मी उघडून पाहिलेत त्याला हिशेब नाही. माणसाच्या फ्रिजवरून मी त्याचा स्वभाव सांगतो. फक्त माझ्या शेजारी झोपणाऱ्या माणसाच्या पोटात काय चाललंय ते मला वर्षभर कळलं नाही.

गॅस आहे

सुरुवात फुगण्यापासून झाली. मंगल दोन घास खायची आणि ताट सरकवायची. "पोट भरलं." साडीची गाठ सैल करायची. मी निदान केलं, गॅस. उपाय सांगितला, ओवा. पुढे वाल बंद, मग चवळी बंद, मग संध्याकाळी चालायला जा. एकदा तर मी तिला म्हटलं, "तुझा कॉम्प्रेसर मोठा झालाय." हसली बिचारी. ते हसणं आठवलं की आजही मला स्वतःच्या दोन थोबाडीत द्याव्याशा वाटतात.

शेवटी तिनं मला विचारणंच सोडलं. आमची मुलगी मयूरी लग्न होऊन इंद्रलोकला असते. मायलेकी मला न सांगता सोनोग्राफीला गेल्या. मी त्या दिवशी मोरव्याला कुणाच्या तरी फ्रिजमध्ये गॅस भरत होतो. गॅसवाला मी एकटाच खरा होतो.

भीती वाटली की मी एसीकडे बघतो

मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयात डॉक्टरबाईंसमोर आम्ही बसलो. शांत बाई, केस पिकलेले, चष्मा गळ्यात. फाइल बंद करून त्यांनी ती बाजूला ठेवली. डॉक्टरनं फाइल बाजूला ठेवली की समजावं, आता बोलणं आहे.

"दोन्ही अंडाशयांत गाठी आहेत," त्या म्हणाल्या. "ऑपरेशन करावं लागेल. कर्करोग असण्याची शक्यता जास्त वाटतेय मला."

आणि मी म्हणालो, "मॅडम, तुमच्या एसीचा ड्रेन पाइप तुंबलाय. पाणी भिंतीत मुरतंय."

एसीखाली ठेवलेल्या बादलीत टप् असा आवाज झाला. मयूरीनं डोळे मिटून घेतले. मंगल मात्र डॉक्टरांना म्हणाली, "तुम्ही बोला मॅडम. ते घाबरले की असे होतात."

तिला नुकतं कर्करोग म्हणून सांगितलं होतं आणि ती माझी बाजू सांभाळत होती. पुढची दोन वर्षं हे असंच चाललं. ज्यांच्या घरी आजार येईल त्या नवऱ्यांसाठी पहिली सूचना: त्या खोलीत भिंतीकडे, पंख्याकडे, एसीकडे बघू नका. तिच्याकडे बघा. ती तुमच्याकडे बघत असते.

विरळा पाहुणा

ऑपरेशन झालं. रुग्णालयाचे दिवस सगळ्यांचे सारखेच असतात, त्यामुळे फार लिहीत नाही. टोकन, फाइल, पुन्हा टोकन. सकाळी सहाला चादर बदलणारी मावशी, जिला मंगलनं तिसऱ्या दिवशी आमच्या गावच्या लग्नाची गाणी शिकवली. मी घरून न्यायचो ती भाकरी, जी डब्यात पापडासारखी व्हायची. तरी ती खायची आणि म्हणायची, "छान आहे." नंतर कळलं की अर्धी भाकरी ती शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या नवऱ्याला द्यायची. त्याचे दात चांगले होते.

तपासणीचा रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरबाई म्हणाल्या, "हा विरळा प्रकार आहे. हळू वाढतो, पण हट्टी असतो. नेहमीची केमो याला फारशी दाद देत नाही." मग हार्मोनच्या गोळ्या सुरू झाल्या. सव्वा वर्ष बरं गेलं. आम्ही विसरायला लागलो होतो. मग एका स्कॅनमध्ये पोटात पुन्हा लहान लहान गाठी दिसल्या.

या वेळी त्यांनी ऑपरेशनच्या वेळी काढलेल्या गाठीचा जपून ठेवलेला तुकडा जनुकीय तपासणीला पाठवला. तीन आठवड्यांनी बोलावलं. मी मनाशी ठरवून गेलो होतो की एसीकडे बघायचं नाही. मान आखडेपर्यंत मी टेबलाकडे बघत बसलो.

"प्रत्येक पेशीत वाढ चालू आणि बंद करणारी बटणं असतात," त्या म्हणाल्या. "तुमच्या गाठीत त्यातलं एक बटण चालू स्थितीतच अडकलंय. त्यामुळे पेशी वाढतच राहतात. आता त्या बटणाचा निरोप ज्या रस्त्यानं जातो त्या रस्त्यावरच घाव घालणारी गोळी आहे. लक्ष्य ठरवून दिलेलं औषध म्हणा."

मी ताठ बसलो. "म्हणजे थर्मोस्टॅट अडकलाय! फ्रिज गार झाला तरी कॉम्प्रेसर बंदच होत नाही. अख्खा फ्रिज फोडायचा नाही, फक्त तिकडे जाणारी वायर कापायची."

डॉक्टरबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "याच्यापेक्षा चांगलं मलाही सांगता आलं नसतं."

दोन वर्षांत त्या इमारतीत मला मिळालेली ही पहिली शाबासकी. ती डोक्यात गेली. पुढचं सगळं तिथून घडलं.

मी आहे ना

गोळ्यांची बाटली द्यायला एक सिस्टर होती, केरळची, मराठी झकास बोलायची. तिनं सांगायला सुरुवात केली. "हे औषध फ्रिजमध्ये ठेवायचं. फ्रीझरमध्ये नाही."

झालं. मी खुर्ची पुढे ओढली. फ्रिजच्या दारात सगळ्यात कमी गारवा, मागच्या भिंतीला लागून ठेवलं तर गोठायची भीती, मधला कप्पा चांगला पण वारंवार उघडझाप नको, भाईंदरला वीज गेली तर काय, हे सगळं मी तिला समजावलं. सिस्टर बोलत होती, मीही बोलत होतो. तिचं निम्मं बोलणं माझ्या बोलण्याखाली गेलं. मंगल त्याच वेळी कुठल्याशा कागदावर सह्या करत होती.

बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "सिस्टर शेवटी काय म्हणत होत्या?"

"मी आहे ना," मी म्हणालो.

नवऱ्याच्या तोंडी याहून धोकादायक वाक्य नाही.

हात लावू नये

घरी आल्यावर मी गोदामातून एक लहान फ्रिज काढला. नवीन रबर बसवलं, इन्व्हर्टर जोडला, आत थर्मामीटर टांगला. तो आमच्या खोलीत ठेवला आणि वर पाटी लावली, "औषध. हात लावू नये." फरशी जुनी, त्यामुळे फ्रिज जरा डुगडुगत होता. बाटलीच्या खोक्यात एक घडी घातलेला कागद होता, बारीक अक्षरांचा, इंग्रजी. बरोब्बर जाडीचा. तो मी फ्रिजच्या पायाखाली सारला. फ्रिज स्थिर झाला. मी चार पावलं मागे जाऊन बघितलं आणि मला स्वतःचाच अभिमान वाटला.

दिवसातून तीन वेळा तापमान बघून वहीत लिहायचं. सकाळी चार, दुपारी पाच, संध्याकाळी चार. एकदा नऊ झालं. दार उघडून बघतो तर बाटलीशेजारी वाटीभर ओले बोंबील.

"आय!" मी ओरडलो.

माझी आई पंच्याऐंशीची. कान तिखट, जीभ त्याहून. ओट्यावरूनच म्हणाली, "मोठा फ्रिज भरलाय म्हून ठेवलं. तुझी एवढीशी गोली, तिला किती जागा लागते? एकटी राहून घाबरंल ती."

मंगल खाटेवर पडून हसत होती. टाके दुखायचे म्हणून पोटाला उशी धरून हसायची तिला सवय लागली होती. आता टाके नव्हते, तरी उशी धरायची.

गोळी रोज सकाळी सातला. आयचा नियम आमच्या घरात माझ्या जन्माआधीपासूनचा: उपाशीपोटी औषध पोटात जाता कामा नये, आतडी जळतात. माझ्या वडिलांना तापाची गोळीसुद्धा भाकरतुकडा खाल्ल्याशिवाय मिळाली नाही. तर आय साडेसहाला उठवायची. "घे गो पोरी, आधी खा." तांदळाची दाट पेज, वर तुपाची धार, बाजूला वाटीभर दूध. पोरीनं वाटी रिकामी केली की आय मला हाक मारायची, "जना, आता दे तुझी थंडगार गोली." मी मधल्या कप्प्यातून बाटली काढायचो, थर्मामीटर बघायचो, वहीत लिहायचो.

सहा आठवडे. एक दिवस चुकला नाही.

पुरळ

तिसऱ्या आठवड्यात मंगलच्या कपाळावर, नाकावर, छातीवर बारीक पुरळ आलं. आरशासमोर उभी राहून म्हणाली, "बावन्नाव्या वर्षी मुरुमं. कॉलेजात असताना आली नव्हती, तेव्हा निदान कुणी बघायला होतं."

"मी बघतोय की."

"तुम्ही थर्मामीटर बघा."

मी फ्रिज दुरुस्तीला गेलो आणि दुपारी परत आलो तर दारावर कडुलिंबाची डहाळी. आत गेलो तर मंगलच्या उशाखाली पाला. स्वयंपाकघरात फोडणी बंद. आय हात जोडून म्हणाली, "देवी आयलीय. आवाज करू नको."

कांजण्या-गोवराला आमच्याकडे अजून असं करतात. मी समजावलं की हे औषधाचं आहे, डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. आयनं ऐकून घेतलं आणि डहाळी काढली नाही. दोन दिवस आम्ही बिनफोडणीची आमटी खाल्ली. तिसऱ्या दिवशी मंगल स्वयंपाकघरात गेली, तेलात मोहरी टाकली, आणि तडतड ऐकून आय काही बोलायच्या आत म्हणाली, "आय, देवीलाच भूक लागली."

पुरळ फार नव्हतं. मलम लावलं, उन्हात जाणं टाळलं. आम्हाला वाटलं, चला, स्वस्तात सुटलो.

वही

सहा आठवड्यांनी डॉक्टरबाईंकडे गेलो. रक्ताचे रिपोर्ट, हृदयाची तपासणी, डोळ्यांची तपासणी, सगळं ठीक. त्या म्हणाल्या, "दोन आठवड्यांनी स्कॅन करू. औषध लागू पडतंय की नाही ते कळेल."

मी वही पुढे केली. पानापानावर तारखा, तापमानं, लाल शाईनं रेघा. त्यांनी पानं उलटली. मनापासून म्हणाल्या, "इतकं कुणी करत नाही हो." मी मंगलकडे बघितलं. बघ म्हणावं.

मग त्या सहज म्हणाल्या, "आणि गोळी रिकाम्या पोटीच ना? खाण्याच्या एक तास आधी, किंवा दोन तास नंतर?"

मी एसीकडे बघितलं.

बादली तीच होती. त्यात अर्ध्यापर्यंत पाणी होतं. मला आठवतंय, त्या क्षणी मला सगळं दिसलं. पेज, तूप, दूध, आयची हाक. सिस्टरचे हलणारे ओठ आणि वर माझं फ्रिजपुराण. मंगल माझ्याकडे बघत होती. आणि माझ्या तोंडून निघालं, "हो हो. एकदम रिकाम्या."

मंगल काही बोलली नाही. डॉक्टरबाईंनी लिहून घेतलं.

दहिसर नाक्यापर्यंत

भाड्याच्या गाडीत दहिसरचा नाका आला. मग ती म्हणाली, "खोटं का बोललात?"

"तू का गप्प बसलीस?"

"बाहेरच्यांसमोर तुम्हाला कधी खोटं पाडलंय मी?"

मी खिडकीबाहेर बघायला लागलो. ती म्हणाली, "बाहेर एसी नाहीये."

घरी मयूरी येऊन बसली होती. तिनं पहिला प्रश्न विचारला, "बाबा, औषधाबरोबर माहितीचा कागद असतो. कुठाय?" मी गुडघ्यावर बसलो, फ्रिज एका हातानं तिरका केला आणि दुसऱ्या हातानं कागद ओढून काढला. त्यावर फ्रिजच्या पायाचा गोल ठसा उमटला होता. मयूरीनं तो उजेडात धरून वाचला. खाण्याबरोबर घेतलं, विशेषतः तूपतेलाच्या, तर औषध अंगात कमी उतरतं. स्पष्ट लिहिलं होतं.

मी म्हणालो, "उद्यापासून रिकाम्या पोटी देऊ. झालं. डॉक्टरांना कशाला सांगायचं?"

मयूरी माझ्याशी कधी आवाज चढवून बोलत नाही. तेव्हाही चढवला नाही. "बाबा, दोन आठवड्यांनी स्कॅन आहे. त्यात गाठी वाढलेल्या दिसल्या तर डॉक्टर काय समजणार? हे औषध चाललं नाही. बंद करणार. आणि आईच्या या प्रकाराला अशी औषधं आहेतच किती?"

मला गाठीपेक्षा माझ्या अब्रूची काळजी होती, हे मला तेव्हा कळलं. नापास मी होणार होतो आणि ठपका औषधावर बसणार होता. एकदा बंद केलं की ते पुन्हा द्यायचं कुणाच्या मनात तरी आलं असतं का?

दारात आय उभी होती. कधी आली कळलं नाही. कान तिखट, म्हटलं ना. तिनं विचारलं, "माझ्या पेजेनं झाला काय?"

"न्हाय आय," मी म्हणालो. घाबरलो की माझीही भाषा मागे जाते. "तुझं काय न्हाय. मला सांगितलं होतं, मी ऐकलं न्हाय."

ती आत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज आला नाही. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा. आय आपल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होती. "मी हात न्हाय लावणार कशाला," म्हणाली. "सहा आठवडे पोरीला माझ्या हातानं..."

टोकन नंबर एकसष्ट

त्याच सकाळी मी एकटा रुग्णालयात गेलो. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर मी खोटं अजून सफाईनं बोलतो. एकसष्ट नंबरचं टोकन मिळालं. चार तास बाकावर बसलो. काय बोलायचं त्याची दहा वाक्यं तयार केली. एकात सिस्टरची चूक होती, एकात आयची, एकात छापील कागदाच्या अक्षरांची. नंबर लागेपर्यंत सगळी गळाली.

"मॅडम, काल मी खोटं बोललो. सहा आठवडे गोळी पेज, तूप आणि दूध खाऊन दिली. मंगलची चूक नाही. कुणाचीच नाही. माझी."

त्यांनी चष्मा काढला. मी त्यांच्याकडेच बघत होतो. मान दुखत होती.

"बरं झालं आलात," त्या म्हणाल्या. "मी स्कॅन बघून उलटा निर्णय घेतला असता."

"औषध वाया गेलं का?"

"अगदी वाया नाही. थोडं उतरलं असणार. किती, ते मी सांगू शकत नाही. आता काळजी आहे ती मधल्या काळात गाठी वाढल्या नसाव्यात याची." त्यांनी फाइल पुढे ओढली. "आता नीट सुरू करा. स्कॅन दोन महिन्यांनी करू. अंगात औषध जास्त उतरायला लागलं तर त्रास वाढू शकतो. पुरळ, जुलाब, काहीही झालं तरी लगेच कळवायचं. खरं खरं."

"खरं खरं," मी म्हणालो.

मी उठलो तशी त्या म्हणाल्या, "वही चांगली आहे तुमची. फक्त एक रकाना वाढवा."

"कसला?"

"जेवणाचा."

आठ वाजेपर्यंत

परत आलो तर मंगल आयच्या खोलीत तिच्या पायथ्याशी बसली होती. म्हणत होती, "आय, गोळी सातला. पण आठला मला भूक लागणार. तेव्हा पेज कोण देणार? तुमच्या मुलाला पाणी उकळता येत नाही."

आय भिंतीकडे बघूनच म्हणाली, "त्याला काय येतं?"

"बर्फ करता येतो."

आयचा खांदा हलला. हसली. दुसऱ्या दिवशी भांड्यांचा आवाज आला.

तेव्हापासून आमच्या घरात सात ते आठ हा एक वेगळाच तास झाला. सातला गोळी. मग मंगलनं काही खायचं नाही, साधं पाणी सोडून काही नाही. ती ओट्यावर येऊन बसते. मी शेजारी. आधी मला वाटायचं तिला सोबत म्हणून बसतो. एकदा तिच्यासमोरच चहात बिस्किट बुडवलं, तेव्हा तिनं अशा नजरेनं बघितलं की ते बिस्किट चहातच विरघळलं. आता मीही आठपर्यंत काही खात नाही. आय पेजेचं पातेलं झाकून दारात बसते, घड्याळाकडे डोळे लावून.

लग्नाला तीस वर्षं होत आली होती. या तीस वर्षांत आम्ही दोघं सकाळी तासभर नुसते बसलोय असं कधी झालं नव्हतं. मला कुणाचा तरी फ्रिज असायचा, तिला डबे. आता खायचं नाही म्हटल्यावर बोलायचंच उरलं. त्या तासात तिनं मला सांगितलं की ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिनं तिच्या सगळ्या साड्यांना चिठ्ठ्या लावल्या होत्या, कुठली कुणाला. मला ते माहीतच नव्हतं.

"मला काय ठेवलं होतंस?" मी विचारलं.

"तुम्हाला आय ठेवली होती," ती म्हणाली.

आणि पुरळ! दहा दिवसांत असं फुललं की विचारू नका. मी रोज सकाळी आनंदानं मोजायचो. "आज हनुवटीवर दोन नवीन." मंगल म्हणायची, "बायकोला मुरुमं आली म्हणून पेढे वाटायचे बाकी ठेवलेत." डॉक्टरबाईंनी फोनवर बजावलं की पुरळ आलं म्हणजे गुण आला असं धरून चालू नका, आणि औषध लिहून दिलं. दोन आठवडे जुलाबही झाले. एकदा पाच दिवस गोळी थांबवावी लागली. त्या पाच दिवसांत मी तीन ग्राहकांच्या एसीत तिप्पट गॅस भरला असेल. मी आणि आय, दोघंही आपापल्या परीनं घाबरलो होतो. फोडणी मात्र बंद झाली नाही. एवढी प्रगती.

बादली

स्कॅनच्या रिपोर्टला तिघं गेलो. डॉक्टरबाई पडद्यावर चित्रं बघत होत्या. आधीचं, आताचं. पुन्हा आधीचं. मी मंगलकडे बघत होतो. तिच्या कपाळावरच्या पुरळाकडे, तिच्या मुठीकडे. मुठीत पदराचं टोक होतं.

"गाठी लहान झाल्यात," त्या म्हणाल्या. "गेल्या नाहीत सगळ्या. पण एकही वाढलेली नाही, आणि दोन आता नीट दिसतसुद्धा नाहीत. औषध चालतंय. चालू ठेवायचं."

मंगलनं मूठ उघडली. मयूरी रडायला लागली. टप् असा आवाज झाला.

मंगल म्हणाली, "आता बघा एसीकडे. आता चालेल."

मी बाहेर गाडीतून हत्यारांची पिशवी आणली, स्टुलावर चढलो आणि पाइपात फुंकर मारली. काळं पाणी निघालं, थोडं माझ्या शर्टावर. दोन वर्षं त्या खोलीत घाबरलो की मी ज्याच्याकडे बघत होतो ते दुरुस्त व्हायला सात मिनिटं लागली. डॉक्टरबाई बादली स्वतः उचलून बाहेर ठेवून आल्या.

आता त्याला वर्ष होऊन गेलं. दर तीन महिन्यांनी स्कॅन असतो, दर तीन महिन्यांनी आम्ही तिघं थोडे थोडे मरतो आणि घरी येऊन मासे खातो. गाठी होत्या त्याहून लहानच आहेत. बरी झाली का, असं कुणी विचारलं तर मंगल म्हणते, "चालू आहे." मला हे उत्तर आवडतं. माझ्या धंद्यात चालू आहे याहून चांगलं काही नसतं.

ज्यांच्या घरी अशी गोळी येईल त्यांना एवढंच सांगतो. काही गोळ्या रिकाम्या पोटी असतात, काही खाऊन घ्यायच्या असतात, त्यामुळे माझं ऐकू नका, तुमच्या सिस्टरचं ऐका. ती बोलत असताना बोलू नका, तुम्हाला फ्रिजबद्दल कितीही माहिती असली तरी. चूक झाली तर डॉक्टरांना सांगा. आणि तो कागद वाचा. फ्रिज डुगडुगत असेल तर पायाखाली पुठ्ठा घाला.

हे सगळं आज सकाळी ओट्यावर बसून मंगलला वाचून दाखवलं. शेवटपर्यंत ऐकलं तिनं. म्हणाली, "बोंबलाचं लिहायला नको होतं. आय रागावेल."

दारातून आय म्हणाली, "मी कशाला रागवू? लिव्ह. पण चव कशी होती तेपण लिव्ह." मग घड्याळाकडे बघितलं. "झाला का गो तास?"

"पाच मिनिटं, आय."

आम्ही पाच मिनिटं बसलो. मग आठ वाजले, आणि आयनं पातेल्यावरचं झाकण काढलं.